तपासून काय करणार?

वाद पाच मिलिलिटर रक्तावरून झाला.

रक्त आजीचं. ती गुरुजींची आई आणि भाचीच्या आईची आई. वय ऐंशीच्या पुढे, नेमकं किती ते कुठल्या कागदावर नाही. दोनेक वर्षांपासून तिचं विसरणं वाढलंय. भाची हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत मेंदूच्या पेशींवर संशोधन करते, आणि आजीच्या रक्तातली जनुकं वाचून घ्यावीत असं तिच्या मनात आहे. गुरुजी मराठी शाळेतून निवृत्त झालेले. मलाही चौथीला तेच होते. त्यांचा एकच प्रश्न : तपासून काय करणार?

भीमपूर म्हणजे तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्याचं वरचं टोक. पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा. १९५६ साली भाषेवर राज्यं वाटली गेली तेव्हा किनवट आणि राजुरा तिकडे गेले, आम्ही मराठी बोलत इकडेच राहिलो. २०१६ मध्ये तामसीतून फुटून भीमपूर वेगळं मंडळ झालं. टिपेश्वर अभयारण्यातल्या वाघाला यातलं काही ठाऊक नाही, तो नदी उतरून आमच्या कपाशीत येतो. घरात मराठी, शेजारी गोंडी, कचेरीत तेलुगू, बाजारात हिंदी. भाची आली तेव्हा गुरुजी आधी तिच्या पाया पडले. मामानं भाचीच्या पाया पडायचं, ही आमच्याकडची रीत. मग बसले आणि भांडायला लागले. मी ऐकत होतो. खाली आहे ते बरंचसं त्यांचंच बोलणं. राहवलं नाही तिथं मी मधे घुसलोय.

गुरुजी : आधी हे सांग बाई, कोणतं जनुक शोधायचंय तुला?

भाची : शोधायची बरीच आहेत मामा. पण माझं काम ज्याच्यावर चालतं ते ट्रेम-२. सहाव्या गुणसूत्रावर असतं. त्याच्यापासून बनणारं प्रथिन मेंदूतल्या मायक्रोग्लिया नावाच्या पेशींच्या अंगावर बसलेलं असतं.

गुरुजी : मेंदूत चेतापेशी असतात, एवढं आम्ही शिकवलं. हे तुझं मायक्रोग्लिया आमच्या पुस्तकात नव्हतं.

भाची : स्पेनच्या रिओ-ओर्तेगानं १९१९ मध्येच त्यांना वेगळं ओळखलं होतं. त्या मेंदूतल्या रोगप्रतिकाराच्या पेशी. सारख्या चाचपत असतात. मेलेली पेशी, तुटलेली जोडणी, चरबीचे अवशेष, साचलेलं प्रथिन, जंतू, जे सापडेल ते गिळतात. ट्रेम-२ हा त्यांच्या पृष्ठभागावरचा रिसेप्टर. मेलेल्या पेशींची चरबी बाहेरून त्याला चिकटली की आत निरोप जातो : हल, जवळ जा, गिळ.

गुरुजी : म्हणजे चांगलं जनुक.

भाची : ते नाही तेव्हा काय होतं, ते आधी कळलं. १९७०च्या आसपास फिनलंडमध्ये हाकोला आणि जपानमध्ये नासू या डॉक्टरांना एकमेकांच्या नकळत सारखेच रुग्ण दिसले. विशीत घोटा दुखतो, मनगट दुखतं, साध्या पडण्यानं हाड मोडतं. एक्स-रे काढला तर हाडात पोकळ्या. तिशीत स्वभाव बदलतो, माणूस घरच्यांशी तिऱ्हाइतासारखा वागायला लागतो. पुढे स्मृतिभ्रंश, आणि पन्नाशीच्या आसपास मृत्यू. हाडाचा आणि मेंदूचा काय संबंध, ते तीसेक वर्षं कुणाला उलगडेना. मग २००० मध्ये ट्रेम-२च्या जोडीदार प्रथिनाचं जनुक सापडलं, २००२ मध्ये खुद्द ट्रेम-२. जुनं हाड विरघळवणाऱ्या पेशी आणि मेंदूतल्या मायक्रोग्लिया या एकाच कुळातल्या, दोन्ही हीच जोडी वापरतात. दोन्ही प्रती बिघडल्या की दोन्हीकडचं काम बंद.

गुरुजी : दोन्ही प्रती म्हणजे एक आईकडून, एक बापाकडून. सिकलसेलसारखं.

भाची : अगदी तसंच.

भीमपुरात जनुक हा पुस्तकी विषय नाही, हे इथं सांगायला हवं. गोंड, कोलाम वस्त्यांमध्ये आणि नदीपलीकडच्या विदर्भात सिकलसेल ठाऊक असलेली माणसं भेटतात. दोन्ही पालक वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक धोका, हे गणित आमच्या आशाताई पाटीवर काढून दाखवतात. नात्यातल्या लग्नाचाही विषय निघतोच. आमच्याकडे मामाची मुलगी चालते. शेजारच्या तेलुगू घरांत खुद्द मामाच भाचीशी लग्न करू शकतो. ज्या भाचीच्या आम्ही पाया पडतो तिच्याशी लग्न म्हणजे आमच्या बायका कानावर हात ठेवतात, आणि त्या घरच्या बायका आमच्या पाया पडण्याला हसतात. जनुकशास्त्राला दोघांच्याही लाजेशी कर्तव्य नाही. पूर्वज एकच असला की तीच दुर्मीळ बिघडलेली प्रत दोन्ही बाजूंनी येण्याची शक्यता वाढते, एवढंच त्याचं म्हणणं. रक्त जितकं जवळचं, तितकी ती जास्त.

गुरुजी : सिकलसेलचं मिशन १ जुलै २०२३ला शहडोलला सुरू झालं. चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची ठरली. चांगलंच आहे. पण आपल्या भागातल्या एका पोरीचं ठरलेलं लग्न तपासणीनंतर मिळालेल्या कार्डावरून मोडलं, ते मी पाहिलंय. पोर ठणठणीत होती. वाहक होती नुसती. मुलाकडचे म्हणाले, रक्तात दोष आहे.

भाची : मुलगा वाहक नसता तर एकाही पोराला आजार झाला नसता. त्याची तपासणी केली होती का?

गुरुजी : केली नव्हती. मुलाची कोण करतं?

भाची : मग दोष कार्डाचा कसा? अर्धंच तपासलं, त्याचा.

गुरुजी : दोष कुणाचा का असेना, पोर घरी बसली. आणि ही तर कामाची तपासणी. त्या आजारावर औषध आहे, रक्त चढवता येतं, पुढचं मूल वाचवता येतं. तुझ्या ट्रेम-२च्या तपासणीनं काय मिळणार? आजीचं हाड कधी मोडलं नाही. तिशीत ती निंदायला जात होती.

भाची : तिला नासू-हाकोला नाहीच. मी म्हणते ती वेगळी गोष्ट. २०१३च्या जानेवारीत न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये दोन शोधनिबंध एकदम आले. एक आइसलँडच्या लोकांचा, एक लंडनच्या पुढाकारानं झालेला. ट्रेम-२ प्रथिनाच्या साखळीत ४७व्या जागी आर्जिनिनऐवजी हिस्टिडिन आलं, आणि तेही एकाच प्रतीत, तर म्हातारपणी अल्झायमर होण्याची शक्यता दोन ते चार पट होते.

गुरुजी : किती लोकांत असतो हा बदल?

भाची : आइसलँडमध्ये शंभरातल्या एखाद्याकडे. पूर्व आशियात तर जवळजवळ नाहीच.

गुरुजी : म्हणजे आजीकडे नसणारच.

भाची : बहुधा नसेल.

गुरुजी : (माझ्याकडे बघून) ऐकलंस? नसलेली वस्तू शोधायला ही हैदराबादहून आली.

भाची : मामा, तुम्ही गणित शिकवलंय, म्हणून हे नीट ऐका. मेंदूतला दाह डॉक्टरांना आधीपासून दिसत होता. खुद्द अल्झायमरनं १९०६-०७ मध्ये आपल्या पहिल्या रुग्ण बाईच्या मेंदूत गाठी पाहिल्या, तशा ग्लिया पेशींत साठलेल्या चरबीच्या पिशव्याही पाहिल्या. पण दाह हे कारण की परिणाम, यावर शंभर वर्षं वाद होता. चेतापेशी मरतात म्हणून मायक्रोग्लिया खवळतात, असंच बहुतेकांना वाटायचं. आता जनुक जन्मापासून असतं आणि आजार सत्तरीत येतो. सत्तरीतला आजार मागे जाऊन जन्मातलं जनुक बदलू शकत नाही. हे जनुक चेतापेशींत जवळजवळ वापरलंच जात नाही, मायक्रोग्लियात वापरलं जातं. मग कारणाच्या बाजूला कोण उभं राहिलं?

गुरुजी गप्प बसले. असलं तर्काचं काही आलं की ते गप्प बसतात, वर्गातही बसायचे. मला स्वतःला या लेखातला सगळ्यात मोलाचा मुद्दा हाच वाटतो. दुर्मीळ बदलाची किंमत तो किती जणांत आहे यावरून ठरवायची नसते. शंभरातल्या एकाकडे असलेल्या त्या बदलानं उरलेल्या नव्याण्णवांच्या मेंदूत बघायचं कुठं, ते दाखवलं. पण गुरुजी फार वेळ गप्प राहणारे नव्हेत.

गुरुजी : बरं, दाह कारण आहे. मग दाह कमी करायचा. दुखण्याची गोळी मेडिकलमध्ये दहा रुपयांना मिळते.

भाची : करून बघितलं. अमेरिकेत २००१ला मोठी चाचणी सुरू झाली, अडीच हजारांवर निरोगी म्हातारी माणसं, सगळ्यांच्या घराण्यात अल्झायमर. कुणाला नॅप्रोक्सेन दिलं, कुणाला सेलेकॉक्सिब, कुणाला नुसतीच गोळी. हृदयाला धोका वाटला म्हणून २००४च्या डिसेंबरात औषधं थांबवली. स्मृतिभ्रंश काही टळला नाही.

गुरुजी : मग तुझा सिद्धान्त पडला.

भाची : उलट. ट्रेम-२चा तो बदल प्रथिनाचं काम कमी करतो. पेशी जास्त खवळते म्हणून धोका वाढतो असं नाही, ती पुरेशी हलत नाही म्हणून वाढतो. अमायलॉइड नावाच्या प्रथिनाची गाठ साचली की धड मायक्रोग्लिया तिच्याभोवती कडं करून उभ्या राहतात, गाठ आवळून ठेवतात, शेजारच्या चेतातंतूंना झळ कमी लागते. ट्रेम-२ अधू असेल तर हे कडं विरळ पडतं. २०१७ मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या लोकांनी उंदरांत दाखवलं की या पेशी दोन टप्प्यांत रूप बदलतात, आणि दुसऱ्या टप्प्याला ट्रेम-२ लागतंच. म्हणजे सरसकट दाह दाबणं ही चुकीची दिशा होती.

गुरुजी : म्हणजे दाह वाढवायचा?

भाची : तेही नाही. त्याच वर्षी सेंट लुईसच्या गटानं टाउ प्रथिनाचा आजार असलेले उंदीर घेतले. टाउ म्हणजे अल्झायमरमध्ये पेशीच्या आत गुंता करणारं प्रथिन. त्या उंदरांतून ट्रेम-२ काढून टाकलं, तर मेंदूची झीज कमी झाली.

गुरुजी : तेच जनुक एकीकडे राखतं, एकीकडे मारतं?

भाची : वेळेवर आहे. काय साचलंय आणि आजार कुठवर आलाय, त्यावर.

इथं गुरुजींनी डवरणी काढली. पेरणीनंतर तासांमधून डवरा फिरवला तर तण निघतं, माती भुसभुशीत होते, कपाशी जोमात येते. तोच डवरा, तीच बैलजोडी, पण पात्या-फुलं धरल्यावर फिरवला तर तासांत पसरलेल्या मुळ्या तुटतात आणि पात्या गळतात. ‘डवऱ्याला चांगला-वाईट म्हणून काय होतं,’ ते म्हणाले, ‘तिथी बघावी लागते.’ भाचीनं हे वहीत उतरवून घेतलं. तिला पुढच्या महिन्यात कुठंतरी भाषण द्यायचंय म्हणे.

गुरुजी : पण माणसात तिथी कळणार कशी? आजीच्या डोक्यात पात्या धरल्या की नाही, कोण सांगणार?

भाची : खरी अडचण तीच. ट्रेम-२ला चेतवणारं एक प्रतिपिंड अमेरिकेतल्या अलेक्टर कंपनीनं बनवलं. आजार सुरुवातीच्या टप्प्यात असलेल्यांना दिलं. औषध मेंदूत पोचलं, रिसेप्टरला धरलंही. २०२४च्या नोव्हेंबरात निकाल आला : विसरणं मंदावलं नाही. कदाचित आजार दिसायला लागतो तोवर उशीर झालेला असतो.

गुरुजी : आणि जी औषधं पास झाली त्यांचं?

भाची : लेकानेमॅब. अमायलॉइड काढून टाकतं. २०२३ मध्ये अमेरिकेत पक्की मान्यता मिळाली. दीड वर्षात घसरण २७ टक्क्यांनी मंदावली.

गुरुजी : टक्के नको सांगू. मोजपट्टी किती गुणांची आणि फरक किती गुणांचा?

भाची : (थांबून) अठरा गुणांची. फरक अर्ध्या गुणाहूनही थोडा कमी.

गुरुजी : आणि द्यायचं कसं?

भाची : सुरुवातीला तरी दर पंधरा दिवसांनी सलाइनमधून. मधूनमधून एमआरआय, कारण मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होऊ शकतो.

गुरुजी : भीमपुरातून. पंधरा दिवसांनी. एमआरआय.

या तीन तुकड्यांना भाचीकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही.

गुरुजी : मला आणखी एक वाटतं. हा आजार आपला नाहीच. शहरातला, सायबाचा. आमच्या लहानपणी म्हातारी माणसं चळायची, पण इतकी नाही.

भाची : असं वाटायला आधार होता खरा. हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांमध्ये भारत-अमेरिका मिळून मोठा अभ्यास झाला. निरक्षर माणसांसाठी मुद्दाम वेगळी चाचणी बनवली, वाचायला-लिहायला न लावणारी. सकाळ आहे की दुपार, असं विचारणारी. २००१ मध्ये आकडे आले. पासष्टीपुढच्यांत अल्झायमरचे नवे रुग्ण वर्षाला हजारी ४.७, अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या तशाच अभ्यासात १७.५. धोका वाढवणारं एपोई-४ हे जनुकाचं रूपही बल्लभगडला कमी निघालं, १०० प्रतींत ७, तिकडे ११.

गुरुजी : मग मी काय म्हणत होतो?

भाची : पण २०२३ मध्ये देशभरच्या पाहणीचे आकडे आले. साठीपुढच्या भारतीयांत १०० मागे ७.४ जणांना स्मृतिभ्रंश, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. शहरात ५.३, खेड्यात ८.४. पुरुषांत ५.८, बायकांत ९.

गुरुजी : खेड्यात जास्त?

भाची : खेड्यात जास्त, बायकांत जास्त, न शिकलेल्यांत जास्त. आजी तिन्हीत बसते.

गुरुजी : मग यात जनुक कुठं आलं? शाळा आली. माझ्या आईला शाळेत घातलं नाही, हे कारण. २०२४च्या लॅन्सेट आयोगाचं मी पेपरात वाचलंय, टाळता येण्यासारखी चौदा कारणं दिलीत. शिक्षण, कान, डोळे, रक्तदाब, साखर, धूर, एकटेपण. ती सगळी निस्तरली तर जगातला ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळेल किंवा लांबेल. तिच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू चार वर्षं तसाच होता. कानाला मशीन नाही. चुलीच्या धुरात जन्म गेला. आणि तू जनुक वाचतेस.

भाची : हैदराबादच्या निम्समधला एक अभ्यास तुम्हाला आवडेल. डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाचे ६४८ रुग्ण तपासले. दोन भाषा बोलणाऱ्यांत आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसला. न शिकलेल्यांतही फरक दिसला. २०१३चा निबंध आहे.

गुरुजी : (खुलून) आजी तर चार बोलते! मराठी, गोंडी, तेलुगू, हिंदी.

भाची : दोनच्या वर वाढवून आणखी फायदा मिळत नाही, असंही त्याच निबंधात आहे.

गुरुजींचा चेहरा उतरला. मला गंमत वाटली. दोघंही दुसऱ्याच्या आवडत्या आकड्याला टाचणी लावायला टपलेले. दवाखान्यात येणाऱ्यांचा अभ्यास आणि गावभर फिरून केलेला अभ्यास यांत फरक असतो, हे दोघांनाही ठाऊक होतं, पण त्या फाट्यावर कुणी वळलं नाही.

आजी तोवर ओसरीवर तूर पाखडत होती. सुपाला तीन झटके, मग हलकासा तिरका देऊन फोलपटं पुढे, खडा मागे. हात एकदाही चुकला नाही. पाखडून झालं की ती तूर पुन्हा त्याच पोत्यात ओतायची, थोड्या वेळानं पुन्हा काढायची. पोतं सकाळपासून तेच होतं. सून काही बोलत नाही. पहिल्या महिन्यात बोलायची, मग सोडून दिलं. तूर स्वच्छ होते, आजी शांत असते. मधे एकदा तिनं भाचीला विचारलं, ‘तू कोनाची गं?’ भाचीनं आईचं नाव सांगितलं. ‘ते तर लहान आहे अजून,’ आजी म्हणाली आणि झटका दिला.

गुरुजी : गेल्या पावसाळ्यात हिला ताप आला होता. रात्रभर बाबांना हाका मारत होती, त्यांना जाऊन वीस वर्षं झाली. आम्हाला वाटलं, आता संपलं. लघवीचं इन्फेक्शन निघालं. अँटिबायोटिक दिलं, चार दिवसांत पुष्कळ ताळ्यावर आली. पण पूर्वीइतकी नाही.

भाची : मामा, हेच तर माझं काम आहे! शरीरात कुठंही संसर्ग झाला की त्याचे निरोप रक्तातून मेंदूपर्यंत जातात. धडधाकट मेंदूतल्या मायक्रोग्लिया त्याला बेताचा जबाब देतात. ताप, झोप, जेवण नको वाटणं. पण ज्या मेंदूत झीज आधीच सुरू आहे तिथं त्या पेटायला टेकलेल्या असतात. साधा संसर्ग झाला तरी जबाब फार मोठा येतो, उंदरांत हे नीट दिसलंय. माणसांत दिसतं ते तुम्ही पाहिलंतच. एकदम भ्रम होतो, बरा होतो, आणि एक पायरी खाली सोडून जातो.

गुरुजी : म्हणजे हिचा ताप अंगावर काढायचा नाही.

भाची : एक दिवससुद्धा नाही. अचानक बरळायला लागली तर म्हातारपण म्हणून सोडायचं नाही, लघवी तपासायची. पाणी किती पिते ते बघायचं.

गुरुजी : हे आधी का नाही सांगितलंस? दोन तास फिनलंड आणि आइसलँड करत बसलीस.

माझं मत विचाराल तर गुरुजींचं हे वाक्य भाचीच्या क्षेत्रातल्या प्रत्येकानं टेबलासमोर चिकटवावं. पण फिनलंड-आइसलँडशिवाय ती हे कारण सांगू शकली नसती, हेही तितकंच खरं. ताप लवकर बघा, हे वैदू पण सांगतो. झिजत्या मेंदूत ताप वेगळा का वागतो, हे कळायला मायक्रोग्लिया लागतात.

गुरुजी : ते सगळं झालं. रक्त कशाला, ते राहिलंच.

भाची : कारण वाचलेली जनुकं बहुतेक युरोपच्या लोकांची आहेत. औषधं त्यावर बेतली जातात. आपली किती वाचली? सरकारच्या जीनोम इंडियानं १०,००० लोकांची वाचली, २०२५च्या जानेवारीत माहिती खुली केली. देश एकशे चाळीस कोटींचा. आणि आपल्याकडे जातीतल्या जातीत शेकडो वर्षं लग्नं झाली. २०१७ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेच्या आणि हार्वर्डच्या लोकांनी दक्षिण आशियातले २६३ समूह तपासले. त्यातल्या ८१ समूहांचा उगम इतक्या थोड्या पूर्वजांपासून झालाय की फिनलंडचे लोकसुद्धा त्यांच्यापुढे मोकळे वाटतील. नासू-हाकोला फिनलंडात जास्त का दिसला? याचमुळे. मग आपल्याकडे कोणत्या समूहात काय दडलंय, कुणी पाहिलंय? कोमट्यांचं तुम्हाला माहीत असेल.

गुरुजी : भुलीच्या औषधाचं? हो. आपल्या दुकानदाराच्या ऑपरेशनच्या वेळी डॉक्टरनं आधी जात विचारली, तेव्हा तो रागावला होता.

भाची : कोमटी म्हणजे वैश्य समाजात ते औषध मोडणारं एन्झाइम नसण्याचं प्रमाण इतरांच्या शंभर पट आहे. औषधाचा असर उतरत नाही, श्वास अडकतो. विचारलं म्हणून माणूस वाचतो. ट्रेम-२चं, एपोईचं, अजून नाव नसलेल्या कुठल्या जनुकाचं असं काही आपल्या आजीच्या रक्तात असेल, तर ते आइसलँडमध्ये बसून कुणाला सापडणार नाही.

गुरुजी : बरं. आता मी विचारतो. आजीच्या जनुकांतली अर्धी तुझ्या आईत, त्यातली अर्धी तुझ्यात. बरोबर?

भाची : सरासरीनं, हो.

गुरुजी : तुझ्या प्रयोगशाळेत सगळी सोय आहे. तू तुझं एपोई बघितलंस?

भाची : नाही.

गुरुजी : का?

भाची : (बऱ्याच वेळानं) कळून उपाय नाही म्हणून. डीएनएची रचना शोधणाऱ्या वॉटसननंसुद्धा स्वतःचा सगळा जीनोम जगाला खुला केला आणि एपोई तेवढं झाकायला सांगितलं. मला रोज सकाळी किल्ली कुठं ठेवली ते आठवलं नाही की धडकी भरेल.

गुरुजी : मग माझ्या प्रश्नाला तू आधीच उत्तर दिलेलं आहेस. तपासून काय करणार?

भाची : दोन गोष्टी वेगळ्या आहेत मामा. मी निकाल मागत नाही, नमुना मागतेय. रक्तावर नाव नसेल, नंबर असेल. अहवाल तुम्हाला, मला, कुणालाच येणार नाही. कार्ड नाही, दाखला नाही. हजारो नमुन्यांत तो एक. त्यावरून कुणाचं लग्न मोडणार नाही.

गुरुजी : परवानगी कोण देणार? तिला विचारशील तर आज हो म्हणेल, उद्या विसरेल.

भाची : आयसीएमआरचे २०१७चे नियम आहेत. जिला स्वतः निर्णय घेता येत नाही तिच्या वतीनं जवळच्यानं सही करायची. तरी तिला समजेल तेवढं तिला सांगायचं, आणि तिचा कल बघायचा.

गुरुजी : कागद आणलास?

तिनं काढून दिला. नऊ पानं. एक प्रत इंग्रजी, एक तेलुगू. गुरुजींनी चष्मा लावून पहिलं पान खालपर्यंत पाहिलं, मग दुसरं, मग परत दिला.

गुरुजी : सही मी करायची, तर मला वाचता यायला पाहिजे. तेलुगू मला बोलता येतं, कायद्याचं वाचता येत नाही. मराठीत आण.

भाची : नीतिसमितीकडे पुन्हा मंजुरीला टाकावा लागेल. दोन-तीन महिने जातील.

गुरुजी : जाऊ दे. अहवाल कुणाला कळवला जाणार नाही, हे सातव्या पानावर आहे. ते पहिल्या पानावर घ्या. आणि भाषा साधी ठेवा, मसुदा आधी माझ्याकडे पाठव, शुद्धलेखन मी बघतो. तोवर बी-१२ आणि थायरॉइड उद्याच करून घेऊ. त्यानं विसरणारी माणसं गोळीनं सुधारतात ना?

भाची : त्यामुळेच असेल तर सुधारतात. ते राहिलंच होतं, आधी व्हायला हवं होतं.

गुरुजी : आणि सोमवारी आदिलाबादच्या रिम्स दवाखान्यात कान दाखवायचा. तू थांबणार असशील तर गाडीत जागा आहे.

भाची : थांबते. पण मामा, मराठी कागद आला, तुम्ही सही केली, आणि सुई बघून आजी नको म्हणाली तर?

गुरुजी : तर नको. दुसऱ्या दिवशी मात्र परत विचारून बघ. विसरलेली असते.